टेकूचा भुर्दंड

अॅमस्टरडॅममधल्या ग्रिमबुर्गवाल कालव्याची काठभिंत १ सप्टेंबर २०२० रोजी कोसळली. पर्यटकांची एक बोट थोड्याच वेळापूर्वी तिथून गेली होती; अनर्थ टळला तो निव्वळ नशिबाने. शहरातल्या सुमारे २०० किलोमीटर काठभिंती लाकडी खुंटांवर उभ्या आहेत. घोडागाड्यांच्या काळात बांधलेल्या काठांवरून आता ट्रक धावतात आणि बोटींचे पंखे खुंटांभोवतीची माती उपसत राहतात. दुरुस्तीचा नुसता विटा-काँक्रीटचा हिशेब म्हणूनच फसवा. आधी भिंतीला टेकू म्हणून पात्रात पोलादी पत्रे ठोकायचे, त्यामागे वाळू भरायची. खरे काम सुरू झाले की तेच उपसायचे. शिवाय घरनौका हलवा, काठावरची जुनी झाडे तोडा. एकाच भिंतीसाठी दोनदा पैसे मोजायचे, याला काटकसर कोण म्हणेल?

नावाड्यांचे हाल वेगळेच. पत्र्यांमुळे पात्र अरुंद होते, वळणावर समोरची बोट दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. उन्हाळी गर्दीत भाड्याच्या छोट्या नावा नवखेच हाकतात. अशा टप्प्यांवर एकेरी वाहतूक सक्तीची करावी आणि तिचा खर्च पालिकेने मूळ अंदाजपत्रकातच धरावा.