अप्पर-डिप्पर

मोटरसायकलच्या हेडलाईटवर सत्तरी ओलांडलेल्या मास्तरानं काय म्हणून लिहावं, असा प्रश्न काहींना पडेल. पण मंडळी, हा विषय आता फक्त गाडी चालवणाऱ्यांचा राहिलेला नाही. दिवस मावळल्यावर गावाच्या रस्त्यानं पायी जाणारे, सायकलवाले, बैलबंडीवाले, सगळ्यांचाच तो झाला आहे. आणि त्या पायी जाणाऱ्यांत एक मी आहे. म्हणून आज माझं मत मांडतो. पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या.

मत एका वाक्यात सांगायचं तर असं : गाडीचा उजेड जरूर वाढवा, पण तो किती आणि कसा वाढवायचा याचं मोजमाप समोरून येणाऱ्याच्या डोळ्यानं करा.

आधी पोरांची बाजू मांडतो, कारण ती खरी आहे. आमच्या गोंदिया जिल्ह्यात रात्रीचा प्रवास सोपा नाही. गोरेगाववरून कोहमाऱ्याकडे निघा, नाही तर नवेगावबांधवरून अर्जुनी मोरगावकडे. गाव सरलं की रस्त्यावर दिव्याचा खांब नाही. दोन्ही बाजूंना जंगल, नाही तर धानाच्या बांध्या. कापणी-मळणीच्या दिवसांत खरेदी केंद्राबाहेर धानाच्या ट्रॉल्या रात्रभर रस्त्याच्या कडेला उभ्या असतात. मागे ना लाल दिवा, ना चमकणारी पट्टी. त्यात थंडीचं धुकं. शिवाय शेतीपंपाची वीज वर्षानुवर्षं रात्रपाळीनं मिळत आल्यामुळे उन्हाळी धानाला पाणी द्यायला मध्यरात्री निघणारा शेतकरी आहेच. आणि नवेगाव-नागझिऱ्याची जनावरं तर या रस्त्यांवरून रात्रीच इकडून तिकडे जातात. ऑगस्ट २०२३ मध्ये मुरदोलीच्या जंगलात रात्री एका कारची धडक बसून वाघ मेला, हे आपल्याकडच्या लोकांच्या लक्षात असेलच. वाघाची ही गत, तिथे माणसाचं काय!

अशा रस्त्यावर शंभर सीसीच्या गाडीचा दिवा किती पुरणार? बहुतेक गाड्यांना पस्तीस वॉटचा हॅलोजन बल्ब असे. जुन्या गाड्यांत तर तो बॅटरीवर नाही, थेट इंजिनावर चाले. गाडी पळाली की उजेड, खड्ड्यापाशी हळू केली की उजेड मंद. म्हणजे जिथे जास्त दिसायला हवं, नेमकं तिथेच कमी!

आता थोडं गणित. (सवय जात नाही, काय करणार.) ताशी साठ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास सतरा मीटर. समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरा. तेवढ्यात गाडी पंचवीस मीटर पुढे गेली. ब्रेक लागल्यावर थांबायला कोरड्या डांबरावर आणखी पंचवीस-तीस मीटर. एकूण पन्नासच्या वर. आणि काळं घोंगडं पांघरलेला माणूस डिपरच्या उजेडात तीस-पस्तीस मीटरवर दिसला तरी पुष्कळ म्हणायचं. म्हणजे तो दिसतो तेव्हा वेळ निघून गेलेली असते. हीच गाडी चाळीसनं चालली तर तीसेक मीटरमध्ये थांबते. या गणिताची दोनच उत्तरं निघतात. एक तर वेग कमी करा, नाही तर उजेड वाढवा. पोरं दुसरं उत्तर निवडतात. वयाचा गुण आहे, त्यांना दोष देत नाही.

पण उजेड वाढवतात कसा? माझ्या पुतण्यानं गेल्या वर्षी वाढवला. दुकानातून एलईडीचा बल्ब आणला, जुना काढला, नवा बसवला. पंधरा मिनिटांचं काम. अंगणात लावून दाखवला तर समोरच्या घराची भिंत दिवसासारखी पांढरी झाली. पुतण्या खूश. मी मात्र भिंतीकडे बघत राहिलो, कारण भिंतीवर उजेड छपरापर्यंत चढला होता. रस्ता काही छपरावर नसतो ना!

हे असं का होतं ते मुलांना शिकवलेल्या धड्यातच आहे. अंतर्वक्र आरशाच्या नाभीवर दिवा ठेवला की किरण समांतर बाहेर पडतात. दिवा जरा इकडेतिकडे सरकला की किरण विसकटतात. हेडलाईटच्या आतली चकचकीत वाटी म्हणजे असाच आरसा. हॅलोजनच्या बल्बमध्ये तारेची दोन बारीक वेटोळी असतात, एक अप्परचं, एक डिपरचं. डिपरच्या वेटोळ्याखाली पत्र्याची छोटीशी टोपी असते. तिच्यामुळे उजेड वाटीच्या वरच्या भागावरच पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर येतो. सगळी करामत जागेची आहे, एखाद्या मिलिमीटरची. त्या वाटीत एलईडीचा बल्ब खुपसला, आणि त्याच्या चकत्या जुन्या वेटोळ्यांच्या नेमक्या जागी आल्या नाहीत, तर उजेड भरपूर पडतो पण कुठेही पडतो. झाडावर, आभाळात आणि समोरच्याच्या डोळ्यात.

एलईडी वाईट आहे असं मी म्हणत नाही. निळ्या एलईडीच्या शोधासाठी जपानमध्ये जन्मलेल्या तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या निळ्या उजेडावर पिवळा लेप चढवून पांढरा उजेड तयार होतो. कमी विजेत जास्त उजेड, हे मोठंच काम झालं. कारखान्यातूनच एलईडीचा दिवा बसवून येणाऱ्या गाड्यांत त्याचा आरसा, भिंग सगळं त्याच्याच मापाचं केलेलं असतं. भांडण एलईडीशी नाही, एकाचं बिऱ्हाड दुसऱ्याच्या घरात कोंबण्याशी आहे.

आता समोरच्याची बाजू. म्हाताऱ्या डोळ्याचा हिशेब तरुणांना ठाऊक नसतो. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या पोराच्या मानानं साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. म्हणजे अंधारात आम्हाला आधीच कमी दिसतं. त्यावर लख्ख प्रकाश पडला की डोळे दिपतात आणि पूर्ववत व्हायला तरुणापेक्षा जास्त वेळ घेतात. मोतीबिंदू असेल तर विचारूच नका. माझं ऑपरेशन होण्याआधीचं वर्षभर मला प्रत्येक दिव्याला खराट्यासारखे किरण फुटलेले दिसत. पांढऱ्या-निळसर दिव्याची गाडी समोरून आली की मी रस्ता सोडून बांधीत उतरून उभा राहायचो. रस्ता कुठे आहे, गाडी कुठे आहे, काही कळायचं नाही. चप्पल चिखलात रुतायची. गाडीवाला सुसाट निघून जायचा. त्याला मी दिसलोही नसेन, कारण एवढा उजेड असून तो माझ्या पायांवर नव्हता, कपाळावर होता!

आणि दिपलेला माणूस पायीच असेल असंही नाही. समोरून येणाराही मोटरसायकलवर असेल, चाळीसच्या वेगात असेल, आणि तीन सेकंद त्याला दिसलं नाही तर तो तेहतीस मीटर आंधळा चालला. तेवढ्यात मधे ट्रॉली असली तर? किंवा तुमचीच गाडी असली तर? त्याला आंधळं करून आपण सुरक्षित कसे होतो, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

हे पुतण्याला म्हटलं तर तो म्हणाला, "काकाजी, समोरचा डिप्पर देतच नाही, मंग मीच कायले देऊ?"

मंडळी, सगळा झगडा या एका वाक्यात आहे. तो देत नाही म्हणून मी देत नाही. मी देत नाही म्हणून तो आणखी जबर दिवा आणतो. मग मी त्याहून जबर. शेवटी रस्त्यावर उजेड मावत नाही आणि दिसत कुणालाच नाही. माझं म्हणणं एवढंच, की डिपर देणं ही समोरच्यावर मेहेरबानी नाही. समोरच्याला रस्ता दिसणं ही आपल्या जिवाची हमी आहे. तो शहाणा आहे की नाही हे नंतर बघू, आधी त्याला दिसू तर द्या.

आमच्या लहानपणी रात्री बैलबंडी निघाली की बंडीखाली कंदील टांगलेला असे. त्या कंदिलानं गाडीवानाला रस्ता दिसत नव्हता, रस्ता बैलांना पाठ असायचा. कंदील होता तो दुसऱ्याला बंडी दिसावी म्हणून. दिव्याची ही दोन कामं आहेत, बघणं आणि दिसणं. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागतो, तो याच दुसऱ्या कामासाठी. सुरुवातीला रस्त्यावरचे लोक हात हलवून "लाईट सुरू आहे" असं सांगायचे, आठवतं ना? हेतू कंदिलाचाच होता.

मग उजेड वाढवायचा कसा? चांगल्या मिस्त्रीला विचारून, वाचून जे समजलं ते क्रमानं सांगतो.

पहिलं, काच बघा. धुळीनं, उन्हानं ती पिवळी, धूसर झाली असेल किंवा आतल्या वाटीची चमक गेली असेल तर आधी ती बदला. गढूळ काचेमागे कितीही दिवा लावला तरी उजेड विसकटतोच.

दुसरं, वायरिंग. बल्बपर्यंत पोचणारं व्होल्टेज दहा टक्के घटलं तर हॅलोजनचा उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो. जुनाट वायर, गंजलेले जोड आणि जळका स्विच यांत तुमचा निम्मा दिवा अडकलेला असू शकतो. दिवा बॅटरीवर चालणारा असेल तर चांगली जाड वायर आणि एक रिले बसवून मूळ बल्बही नव्यासारखा पेटतो. थेट इंजिनावर चालणारा असेल तर मिस्त्रीला विचारल्याशिवाय हात घालू नका. पस्तीसच्या जागी साठ वॉटचा बल्ब मात्र नको. होल्डर वितळतो, वायर तापते आणि गाडीला तेवढी वीज पुरवताही येत नाही.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, दिव्याचा रोख. याला पैसा लागत नाही. सपाट जागेत भिंतीपासून आठ मीटरवर गाडी उभी करा. टायरमध्ये हवा बरोबर असू द्या. नेहमी जेवढे बसता तेवढे गाडीवर बसा. हेडलाईटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूनं आखा. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या निदान चार बोटं खाली यायला हवी. वर असेल तर दिव्याचा स्क्रू फिरवून खाली आणा. मागे माणूस आणि त्यावर धानाचं पोतं असलं की गाडी मागून दबते आणि दिवा आभाळाकडे बघायला लागतो, हेही ध्यानात ठेवा.

एवढं करूनही कमी वाटलं, तर आपल्या मॉडेलसाठी मान्यता असलेला दिवाच घ्या, नुसता बल्ब नको. कायदाही हेच सांगतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १०६ व्या नियमाचा मतलब असा, की आठ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तुमच्या दिव्यानं दिपवता कामा नये. दीड मीटर म्हणजे कोण हो? तुमची आई, माझ्यासारखा मास्तर, शिकवणीहून सायकलनं परतणारी मुलगी. कायदा करणाऱ्यानं माणूस डोळ्यासमोर ठेवून नियम लिहिला, आपण दिवा घेताना तेवढं तरी करावं.

पुतण्याच्या गाडीचं पुढे काय झालं, हे नातेवाईक विचारतीलच. आम्ही दोघांनी मिळून एक रविवार त्यात घातला. मूळ बल्ब परत बसवला, काच नवी टाकली, वायर बदलली, रोख खाली आणला. "आता रस्त्यावरचे खड्डे दिसून राह्यले," एवढंच तो म्हणाला. पूर्वीइतकं लखलखत नाही, याची त्याला थोडी रुखरुख आहे. असू दे. डिपर मात्र द्यायला लागला आहे.

भाऊबीजेपासून आपल्याकडे मंडया सुरू होतात. दिवसा मंडई, रात्री दंडार नाही तर वडशाच्या मंडळींचं नाटक. नाटक संपतं पहाटे. मग धुक्यातून, पेंगुळल्या डोळ्यांनी एकेका गाडीवर तिघं-तिघं घरी निघतात. पूर्वी बंडीत झोपून यायचो, बैल घरी आणायचे. मोटरसायकलला ते ज्ञान नाही. तेव्हा घरच्या सगळ्या पोरांना, जावयांना आणि भाच्यांना माझं सांगणं आहे : मंडईला येण्याआधी एका संध्याकाळी गाडी घेऊन आमच्या अंगणात या. भिंत मोकळी आहे, आणि खडू मास्तराच्या घरात असतोच!