आंदणातल्या ड्रेसिंगचं बेसिन

“माह्या बापानं बैलजोडी विकून देल्लं थे ड्रेसिंग, अन् तू त्याले संडासापाशी नेऊन ठेवतं काय वं?” सासूबाईंचा हा प्रश्न ऐकून मी दोन दिवस गप्पच बसले.

त्यांचं खोटं नव्हतं. १९७६ साली त्या लग्न होऊन धनजला आल्या, तेव्हा आंदणात हे सागवानी ड्रेसिंग टेबल आलं. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा. पण आपल्याकडे आंदणाला हुंडा कोण म्हणतो? बापाने जोडी विकली आणि सामान बैलगाडीतून वाजतगाजत आलं. पुढे त्या आरशासमोर बसायला सासूबाईंना सवड किती मिळाली, ते विचारूच नका. ड्रेसिंग बैठकीत, पाहुण्यांना दिसावं म्हणून. आणि तोंड धुणं, वेणी घालणं मागच्या मोरीवर उकिडवं बसून, खिळ्याला टांगलेल्या तळहाताएवढ्या आरशात.

मैत्रिणींनो, तुमच्याकडे वेगळं आहे का? बचत गटाच्या कामाने मी घरोघरी जाते. बैठकीत शोकेस, टीव्ही, प्लास्टिकची फुलं; आणि बाईला हात धुवायला उभं राहण्याची जागा नाही. २०१४ नंतर स्वच्छ भारतच्या बारा हजारांत गावोगावी संडास झाले, चांगलंच झालं. आपल्याच वाशिम जिल्ह्यात सायखेड्याच्या संगीता आव्हाळे यांनी संडासासाठी मंगळसूत्र विकलं, ते २०१५ साली राज्यभर गाजलं. त्याच वर्षी शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या एका मुलीने लग्नात दागिन्यांऐवजी तयार संडास मागून घेतला. त्यांच्यापुढे माझा हट्ट तो काय! पण सासूबाईंचे गुडघे आता वाकत नाहीत, मोरीवर बसल्या की उठवायला माणूस लागतो. उभ्याने तोंड धुवायची सोय घरात हवीच होती.

बाजारात प्लास्टिकचं कपाट लावलेलं बेसिन मिळतं. पाहून आले. दोन वर्षांत त्याच्या बिजागऱ्या निखळतात, हा शेजारचा अनुभव. सागाच्या अंगात तेल असतं, त्यामुळे ते पाण्याला बरंच सोसतं. आणि लाकडी स्टँडवर चिनी मातीचं भांडं ठेवून तोंड धुण्याची पद्धत काही आजची नव्हे, इंग्रजांच्या काळी डाक बंगल्यांतून तेच असे.

सुतारदादांनी आधी टोचा मारून उधळी लागली आहे का ते पाहिलं. आरसा सोडवून बाजूला ठेवला. बेसिनच्या मापाचा कागद कापून वरच्या फळीवर ठेवला, रेघ मारली आणि तेवढं भोक पाडलं. मधला खण पाइपात गेला. त्याची नुसती पुढची फळी जागेवर ठोकली, वरून कळतही नाही. बाजूचे दोन्ही खण शाबूत. जुनं पॉलिश मात्र पूर्ण घासून काढावं लागलं, कारण ते लाखेचं. त्यावर पाणी साचलं की पांढरे डाग पडतात. त्याऐवजी पाणी न शिरणाऱ्या वॉर्निशचे तीन हात दिले, खालच्या बाजूनेही. खालची बाजू दिसत नाही म्हणून पुष्कळजण सोडून देतात आणि लाकूड तिथूनच कुजतं. पायांखाली रबरी बूट, बेसिनच्या कडेने सिलिकॉन. मजुरी, बेसिन, नळ धरून साडेपाच हजार लागले.

एक सांगते, तुमचं ड्रेसिंग भुशाच्या दाबलेल्या बोर्डाचं असेल तर या भानगडीत पडू नका, पाणी लागलं की ते पापडासारखं फुगतं. आणि सागाचं असलं तरी न्हाणीत ठेवू नका. आपण बादलीने अंघोळ करणारी माणसं, शिंतोडे चारी बाजूंना. मी ते न्हाणीबाहेरच्या पडवीत भिंतीला लावलं. बोअरचं पाणी खारं, म्हणून रोज रात्री कोरड्या फडक्याने पुसते. तेवढं करावंच लागतं.

हे सगळं सासूबाईंच्या होकारानंतर, बरं का. त्यांचा मान ठेवून मी काही विचारलं नाही, फक्त म्हटलं, “आई, तुमच्या बाबांनी ते तुम्हाला दिलं होतं, का पाहुण्यांना?” त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. माझे मिस्टर मात्र बोलले, बैठक उघडी दिसेल म्हणून. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनीच खणातली जुनी लग्नपत्रिका, तुटके कंगवे, बांगड्यांचा डबा काढून पलंगावर मांडला आणि म्हणाल्या, “बोलाव थ्या सुताराले.”

आता डावा खण त्यांचा. त्यात कुंकवाची डबी, फणी, दातांची वाटी आणि का कोण जाणे, ती लग्नपत्रिका. उजव्या खणावर मी आणि लेक भांडतो. आरसा मी माझ्या मापाने लावला होता. सासूबाईंनी पहिल्याच सकाळी सुनावलं, “मले माहं नुसतं कपाळ दिसते यात.” चार बोटं खाली घेतला. माझी मी वाकून बघते.