वसतिगृहाचा गोबरगॅस

गेल्या जून महिन्यांत शाळा उघडली, तेव्हां वसतिगृहाच्या मागील अंगास बारा वर्षें बंद पडून राहिलेला गोबरगॅसचा खड्डा पुन्हा चालू करावा, अशी सूचना आम्हीं शिक्षकांच्या सभेंत मांडली. सूचना साधी होती. पण तिचा बोभाटा गांवोगांव झाला, आणि पंधरवड्याच्या आंत सात-आठ पालकांचीं पत्रें येऊन दाखल झालीं. भाषा निरनिराळी असली तरी आशय एकच: शेणाचा गॅस असेल तर आमची हरकत नाहीं, परंतु ज्या खड्ड्यास मुलांचे संडास जोडलेले आहेत, त्याच्या गॅसवर शिजलेलें अन्न आमच्या मुलांच्या पानांत वाढूं नये. पत्रें आदरानें लिहिलेलीं आहेत, व त्यांस उत्तर देणें आमचें कर्तव्य आहे. तें प्रत्येकास टपालानें न पाठवितां वार्षिकांत देत आहों, कारण हा प्रश्न एका वसतिगृहाचा नाहीं.

प्रथम गॅस म्हणजे काय तें पाहूं. शेण, मैला, उष्टें-खरकटें यांपैकीं कांहींही पाण्यांत कालवून हवाबंद टाकींत कोंडलें, म्हणजे हवेवांचून जगणारे सूक्ष्म जंतु तें कुजवितात, आणि त्यांतून जो वायु निघतो त्यांत शंभर भागांत पंचावन्न ते पासष्ट भाग मिथेन व बाकीचा बहुतेक कार्बन डाय-ऑक्साइड असतो. जळतो तो मिथेन. त्याला शेणाचा मिथेन व मैल्याचा मिथेन अशी जात नसते. आठवीच्या एका मुलानें तासाला विचारलें, "सर, मग वास कां येतो?" प्रश्न उत्तम होता. वास हायड्रोजन सल्फाइड नांवाच्या वायूचा. तो अल्प प्रमाणांत असतो, गॅस गंजलेल्या लोखंडाच्या भुशांतून नेला तर बहुतांशीं तेथेंच अडतो, आणि उरलेला ज्योतींत जळतो. नळींतून ज्योत येते, मैला येत नाहीं. आणि ज्या ज्योतीवर भाकरी भाजते तीवर रोगजंतु जगत नाहींत.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. गॅस निर्दोष असला, तरी खड्ड्यांतून बाहेर पडणारी स्लरी तितकी निर्दोष नसते. जंतांचीं अंडीं चिवट असतात. चाळीस-पन्नास दिवस टाकींत राहूनही तीं सर्व मरत नाहींत. यास्तव संडास जोडलेल्या खड्ड्याची स्लरी पालेभाजीच्या वाफ्यांत तशीच सोडूं नये. ती पालापाचोळ्यांत घालून कांहीं महिने कुजूं द्यावी व मग झाडांना घालावी. पालकांनीं हरकत घ्यावयाची तर येथें घ्यावी, व ती आम्ही ऐकूं.

ही विद्या आपल्याकडे नवी नाहीं. इंग्लंडांत एक्झेटर शहरीं १८९५ च्या सुमारास मैल्याच्या टाकीवरील वायूनें रस्त्यांतील दिवे लावले गेले. आणि त्यानंतर थोड्याच अवधींत, १८९७ सालीं, मुंबईंत माटुंगा येथील कुष्ठरुग्णांच्या आश्रमांत मैल्याच्या टाक्यांवर वायु गोळा करण्याची सोय झाली व पुढें त्याच वायूवर इंजिन चालविण्यांत आलें. ज्यांना लोकांनीं वेशीबाहेर घातलें, ज्यांच्या हातचें पाणी कोणी घेत नसे, त्यांच्या आश्रमांत हा वायु प्रथम उपयोगास यावा, ही गोष्ट आम्हांस नुसती इतिहासाची वाटत नाहीं. देहूसारख्या तीर्थक्षेत्रीं डॉ. सुहास मापुसकर यांनीं वैद्यकीय व्यवसाय संभाळून आयुष्यभर संडासांचा व त्यांस जोडलेल्या गॅसखड्ड्यांचा प्रसार केला. वारकऱ्यांच्या गांवीं असें सांगत फिरणें सोपें नव्हतें. त्यांच्या मृत्यूनंतर, २०१७ सालीं, सरकारनें त्यांस पद्मश्री दिली. कोंकणांत अप्पासाहेब पटवर्धनांनीं त्यांच्याहीपूर्वीं भंगीमुक्तीच्या कामांत सारा जन्म वेंचला होता. अशा माणसांच्या प्रांतांत राहून आपण किळस हेंच अखेरचें उत्तर समजावें, हें आम्हांस पटत नाहीं.

परंतु केवळ पालकांच्या किळसेला दोष देऊन थांबणें अन्यायाचें होईल. गोबरगॅस मागें राहिला त्याचीं कारणें सरकारच्या वहींतही आहेत, आणि तीं आम्हीं आमच्या घरींच पाहिलीं आहेत.

नगर जिल्ह्यांतील आमच्या गांवीं थोरल्या चुलत्यांच्या अंगणांत १९८७ सालीं असा एक खड्डा बांधला गेला. घरीं दोन बैल, एक गाय व दोन म्हशी होत्या. दोन घनमीटर गॅसच्या खड्ड्याला रोज सुमारें पन्नास किलो शेण लागतें, म्हणजे चार-पांच जनावरांचें, तेवढें होतें. उद्घाटनास साहेब आले, नारळ फुटला, निळी ज्योत पाहावयास आळींतील बायका जमल्या. आमच्या काकू धुरानें सदा लाल डोळ्यांच्या. त्या दिवशीं त्या ज्योतीकडे पाहत किती वेळ बसून राहिल्या तें आम्हांस अजून आठवतें. तीन वर्षें गॅस चालला. मग घुमटाला बारीक चीर गेली. चीर बुजविणें हें गवंड्याचें अर्ध्या दिवसाचें काम. पण ज्या गवंड्याला घुमट बांधतां येतो तो तालुक्याला एकच, आणि त्यास नवा खड्डा बांधण्याचे पैसे मिळत, जुना नीट करण्याचे मिळत नसत. चुलत्यांनीं दोनदां अर्ज दिला. उत्तर आलें कीं, आपल्या नांवें संयंत्र पूर्ण झाल्याची नोंद आहे. मागील उन्हाळ्यांत आम्ही गेलों असतां काकूंना विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "अरे बाळा, गॅस कुठला! तिथं आतां सरपण ठेवतों आम्ही. पावसांत भिजत नाहीं, एवढा उपयोग आहे बघ." सरकारच्या वहींत तो खड्डा अजून चालूच असावा.

सरकारनें कांहीं केलें नाहीं असें मात्र कोणी म्हणूं नये. दिल्लीच्या कृषि संशोधन संस्थेंत १९३९ सालीं प्रयोग झाले. १९५१ सालीं जशभाई पटेल यांनीं तरंगत्या लोखंडी टोपीचें 'ग्रामलक्ष्मी' संयंत्र सिद्ध केलें, व तें पुढें खादी व ग्रामोद्योग आयोगानें हातीं घेतलें. टोपी गंजते व महाग पडते म्हणून १९७८ मध्यें विटांच्या घुमटाचें 'जनता' आणि १९८४ मध्यें त्याहून स्वस्त 'दीनबंधु' हे नमुने निघाले. १९८१-८२ पासून राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला आणि आजवर देशांत पन्नास लाखांच्या आसपास खड्डे बांधले गेले. आंकडा मोठा आहे. परंतु त्यांत आमच्या काकूंचें सरपणाचें कोठारही मोजलेलें आहे, हें विसरतां येत नाहीं.

मुख्य दोष आमच्या मतें असा: अनुदान खड्डा बांधण्याला आहे, ज्योत पेटती ठेवण्याला नाहीं. बांधणाऱ्यावर पांच वर्षें देखभालीची अट कागदावर असते. ती पाळली गेली कीं नाहीं हें पाहावयास कोण येतें? शाळेंत मुलाचें नांव पटावर घातल्याबद्दल शिक्षकास सर्व पगार देऊन, मूल वर्गांत बसतें कीं नाहीं तें पाहूं नये, त्यांतलाच हा प्रकार झाला. अनुदानाचा अर्धा भाग बांधतांना व उरलेला अर्धा भाग दर वर्षीं, ज्योत डोळ्यांनीं पाहून, अशा रीतीनें दिला, तर गवंडी आपण होऊन दाराशीं येतील. ह्यासाठीं नवें शास्त्र नको. फक्त मोजण्याची जागा बदलावी लागेल.

दुसरी अडचण पाण्याची. शेणाइतकेंच पाणी खड्ड्यांत घालावें लागतें. पन्नास किलो शेणास पन्नास लिटर पाणी, म्हणजे तीन-चार घागरी. मुंबईच्या कचेरींत बसून हें थोडें वाटतें. आमच्या भागांत फाल्गुनापासून विहिरी तळ दाखवितात, आणि त्या घागरी बाईच्याच डोक्यावरून येतात. चुलींतला धूर वांचवावयाचा तर पाण्याची खेप वाढते. तिनें काय निवडावें? गुरांचें मूत्र व भांड्यांचें पाणी वापरून ही तूट कांहीं भागते, परंतु हें शिकविणारा माणूस गांवांत येत नाहीं. शिवाय ट्रॅक्टर आले, बैल गेले; पांच जनावरें असलेलें घर आतां विरळा. ज्यांच्याजवळ जमीन नाहीं व गुरें नाहींत, त्यांच्याकरितां ही योजना मुळापासूनच नव्हती. पुण्याचे डॉ. आनंद कर्वे यांच्या संस्थेनें खरकट्यावर व पिठूळ पदार्थांवर चालणारें छोटें संयंत्र काढलें, त्यास २००६ सालीं इंग्लंडांतील ॲशडेन पारितोषिक मिळालें; त्यांत दोन किलो खरकट्यांत जें काम होतें त्याला शेणाच्या पाट्याच्या पाट्या लागतात. परंतु 'गोबरगॅस' ह्या नांवांतच शेण बसलेलें असल्यामुळें लोकांस दुसरें कांहीं त्यांत घालतां येतें हेंच ठाऊक नाहीं.

मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेनें घरोघरीं सिलिंडर गेले. तें वाईट झालें असें आम्ही म्हणणार नाहीं. ज्या बाईच्या घरांतला धूर गेला तिला तो कोणत्या योजनेनें गेला याचें कौतुक नसतें. परंतु पहिला सिलिंडर संपल्यावर दुसऱ्याला पैसे लागतात, आणि खड्डा तर तोंवर बुजलेला असतो.

आतां सरकारचें लक्ष मोठ्या कारखान्यांकडे वळलें आहे. ऑक्टोबर २०१८ मध्यें 'सतत' नांवाची योजना निघाली. साखर कारखान्यांची मळी, पिकांचा काड, शहरांचा ओला कचरा यांपासून गॅस काढून, शुद्ध करून, दाबून मोटारींना विकावा असा तिचा बेत. २०२३-२४ पर्यंत पांच हजार कारखाने उभारावयाचे होते. मुदत संपली तेव्हां त्यांचा अल्पसा भागच उभा होता. इंदूर शहरानें मात्र फेब्रुवारी २०२२ पासून रोज साडेपांचशें टन ओल्या कचऱ्याचा असा कारखाना चालू केला, कारण तेथें कचरा घरांतच वेगळा होऊन येतो. जेथें प्लास्टिक व भाजीचे देंठ एकाच डब्यांत पडतात तेथें कितीही कोटींचें यंत्र आणलें तरी तें अपचनानें मरावयाचें! २०२५-२६ पासून शहरांतील गॅसमध्यें शेंकडा एक भाग असा गॅस मिसळण्याची सक्ती ठरली. २०२८-२९ मध्यें ती शेंकडा पांचापर्यंत जावयाची आहे. गिऱ्हाईक निश्चित झालें, हें चांगलें झालें. ह्या सर्वांत अंगणांतल्या खड्ड्याला कोणी गिऱ्हाईक नाहीं, कारण तेथें विकण्यासारखें कांहीं उरत नाहीं. जें निघतें तें घरांतच खर्च होतें.

मैलापाण्याची कथा याहून खिन्न आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या अहवालाप्रमाणें देशांतील शहरांतून रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निघे, आणि प्रत्यक्ष शुद्ध होई तें २०,२३६ दशलक्ष लिटर. बाकीचें गोदावरीला, मुळा-मुठेला, कोणत्या ना कोणत्या नदीला. नाशिक महापालिकेनें २०१७ सालीं जर्मनीच्या साह्यानें शौचालयांचा मैला व हॉटेलांचें खरकटें एकत्र कुजवून वीज काढण्याचा प्रकल्प सुरू केला. असे प्रकल्प बोटांवर मोजण्याइतके. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकांत नळ टाकण्यास पैसे असतात. टाकी चालविणारा शिकलेला माणूस व बिघडलेला पंप यांस नसतात. पुन्हा तोच दोष.

आतां आमच्या खड्ड्याकडे येतों. तो बंद कां पडला? सरकारमुळें नव्हे, पालकांमुळें नव्हे. बारा वर्षांपूर्वीं वसतिगृहांत तापाची सांथ आली, आणि स्वच्छतेच्या उत्साहानें आम्हीं स्वतः उभे राहून सर्व संडासांत फिनेलच्या बाटल्या ओतविल्या. संडास स्वच्छ झाले. खड्ड्यांतले जंतु मेले. आठ दिवसांत ज्योत विझली. आम्ही विज्ञानाचे पदवीधर! त्या वेळीं कोणीं विचारलें नाहीं, आणि आम्हीं सांगितलें नाहीं.

माणसामागें रोज सुमारें एक घनफूट गॅस मिळतो. आमच्या वसतिगृहांत एकशें वीस मुलें आहेत. त्या हिशेबानें दर दहा दिवसांस एक सिलिंडर वांचेल, व वर्षाला छत्तीस. गरीब मुलांच्या जेवणखर्चांतून तेवढे पैसे कमी होतील, अथवा आठवड्यांतून एकदां अधिक अंडें मिळेल. आम्हीं हा हिशेब व्यवस्थापक मंडळापुढें ठेवला. मंडळानें पालकांचीं पत्रेंही वाचलीं, आणि ठरविलें कीं, तूर्त शाळेच्या पांच गाईंच्या शेणावरच खड्डा चालवावा. गॅस सकाळच्या चहापुरता निघतो. संडासांकडून येणारा नळ गवंड्यानें दोन विटा लावून बंद केला आहे. विटांना चुना लावूं नये, असें आम्हीं त्यास सांगितलें. ज्या पालकांस खड्डा पाहावयाचा असेल त्यांनीं कोणत्याही शनिवारीं दुपारीं यावें. शेण कालवितांना नववीचीं मुलें तेथें असतात, व तीं सर्व सांगतील.