अंगण वाकडं म्हणणारे कोच

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये नवा कोच आला आणि संघ हरायला लागला, की एक वाक्य हमखास कानावर पडतं: 'त्याला आधी त्याचे खेळाडू आणू द्या. तीन वर्षं द्या. मग बघा.' मी २००७ पासून मिशिगनमध्ये राहतो. सप्टेंबरातल्या शनिवारी दुपारी मॅच असली की इथल्या मंडळाच्या गणपतीला आरती संपल्यावर पोचणाऱ्यांपैकी मी एक. तोवर मोदक संपलेले असतात. ती शिक्षा मला मान्य आहे. पण हे 'तीन वर्षं द्या' मला मान्य नाही. नाचता येत नसलं की अंगण वाकडं असतं, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच, की इथे अंगण म्हणजे अठरा-वीस वर्षांची पोरं आहेत.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अकरा जणांचा संघ चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायला बघतो. प्रत्येक प्रयत्नाला कुठला डाव टाकायचा हे खेळाडू ठरवत नाहीत. ऑफेन्सिव्ह को-ऑर्डिनेटर नावाचा पगारी गृहस्थ ठरवतो. कधी हे काम मुख्य कोचच स्वतःकडे ठेवतो. त्याच्याकडे डावांची एक जाड वही असते, प्लेबुक. त्या वहीमागे एक पंथ असतो. कोणी 'प्रो-स्टाइल'वाला: क्वार्टरबॅक उंच, शांत, जागेवर उभं राहून लांब फेकणारा, पुढची पाच माणसं धिप्पाड, समोरच्याला ढकलत नेणारी. कोणी 'स्प्रेड'वाला: खेळाडू मैदानभर पसरवायचे, क्वार्टरबॅकने समोरच्या एका बचावपटूकडे बघायचं, आणि तो इकडे आला तर चेंडू दुसऱ्याला द्यायचा, तिकडे गेला तर स्वतः घेऊन पळायचं. पहिल्या पंथाला लागणारी माणसं दुसऱ्याच्या कामाची असतातच असं नाही. भांडण इथून सुरू होतं.

२००८ साली रिच रॉड्रिग्ज वेस्ट व्हर्जिनियाहून मिशिगनला आला. स्प्रेडच्या आद्य पुरुषांपैकी एक. पद मुख्य कोचचं, पण ऑफेन्स सगळा त्याचाच. मिशिगनमध्ये त्याच्या आधी लॉइड कार होता आणि सगळी भरती प्रो-स्टाइलला साजेशी. रायन मॅलेट हा तोफेसारखा हात असलेला तरुण क्वार्टरबॅक हवा ओळखून आर्कन्सॉला निघून गेला. मागे उरले स्टीव्हन थ्रीट आणि निक शेरिडन. थ्रीट उंच, फेकणारा, पायाने जड. त्याच्या हाती अशी वही आली जिच्यात क्वार्टरबॅकचे पाय हेच मुख्य हत्यार होतं. हंगाम संपला तेव्हा ३ विजय, ९ पराभव. नऊ पराभव मिशिगनने त्याआधी कधीच पाहिले नव्हते. टोलीडोसारख्या शेजारच्या छोट्या कॉलेजकडून १३-१० अशी हार झाली आणि सलग ३३ वर्षं बोल गेम खेळण्याची परंपरा तुटली.

रॉड्रिग्जच्या बाजूने सांगण्यासारखं बरंच आहे. चॅड हेनी, माइक हार्ट, जेक लाँग, मारिओ मॅनिंगहॅम, सगळे एकदम गेले होते. कुठलाही कोच त्या वर्षी चाचपडला असता. विस्कॉन्सिनविरुद्ध तर थ्रीट स्वतः चेंडू घेऊन पन्नासहून अधिक यार्ड पळाला, कारण हा पळेल असं त्या बचावाच्या स्वप्नातही नव्हतं! ती मॅच मिशिगनने ०-१९ वरून जिंकली. पण एका शनिवारी चकवा म्हणून जे चाललं, ते पूर्ण हंगामाचं धोरण होऊ शकत नाही. वर्ग घ्यायला वेळ तरी किती असतो? वसंत ऋतूत १५ सराव, ऑगस्टमध्ये एक शिबिर, आणि हंगाम सुरू झाला की एनसीएएच्या नियमाप्रमाणे आठवड्याला २० तास. (याच कारकिर्दीत सरावाचे तास मर्यादेबाहेर नेल्याबद्दल एनसीएएने २०१० साली मिशिगनवर कारवाई केली.) एवढ्या वेळात फेकणाऱ्याचा पळणारा होत नाही. वही पातळ करता येते, अर्धी बाजूला ठेवता येते, थ्रीटला जे येतं त्याची पन्नास पानं लिहिता येतात. हे काम शिक्षकाचं आहे, आणि कोचला पगार त्याचाच मिळतो.

पुढच्या वर्षी डेनर्ड रॉबिन्सन आला. बुटाच्या नाड्या न बांधता खेळणारा, म्हणून टोपणनाव 'शूलेस'. क्वार्टरबॅक म्हणून तो अनेकांना नकोच होता. रॉड्रिग्जने त्याला तिथेच खेळवलं आणि त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. २०१० मध्ये डेनर्ड १,७०२ यार्ड धावला आणि त्याने वर २,५७० यार्ड पासिंग केलं. तिसऱ्या वर्षी संघ ७-६ झाला, बचाव चाळणीसारखा गळत होता, आणि रॉड्रिग्जची नोकरी गेली.

आता उलटी परीक्षा. २०११ मध्ये ब्रेडी होक मुख्य कोच झाला आणि ॲल बोर्हेस त्याचा ऑफेन्सिव्ह को-ऑर्डिनेटर. दोघंही धिप्पाड फुटबॉलचे भक्त. त्यांच्या हाती पडला डेनर्ड, म्हणजे त्यांच्या पंथाच्या दृष्टीने अगदीच चुकीचा क्वार्टरबॅक. सेंटरला डेव्हिड मोल्क: तुलनेने लहानखुरा, चपळ. तो २००७ मध्ये कारच्या काळात आला, रॉड्रिग्जखाली खेळला आणि आता तिसरा मुख्य कोच बघत होता. बोर्हेसने त्या वर्षी नाक मुठीत धरून का होईना, डेनर्डला पळू दिलं. स्प्रेडमधले डाव ठेवले, त्यात आपले थोडे मिसळले. ते काही फार सुबक नव्हतं. आपल्या पद्धतीचे लांब पास त्याच्याकडून फेकून घेण्याचा मोह बोर्हेसला आवरत नसे आणि डेनर्डचे १५ पास त्या वर्षी प्रतिस्पर्ध्यांच्या हातात गेले. तरीही तो ११७६ यार्ड धावला, मोल्कला देशातला सर्वोत्तम सेंटर म्हणून रिमिंग्टन ट्रॉफी मिळाली, ओहायो स्टेटकडून सात वर्षं चाललेली पराभवांची मालिका ४०-३४ ने संपली आणि शुगर बोलही जिंकला. ११ विजय, २ पराभव. सगळे दुसऱ्याने आणलेले, दुसऱ्या पंथाचे खेळाडू घेऊन.

मग 'त्यांचे' खेळाडू यायला लागले. २०१२ मध्ये ८ विजय. २०१३, म्हणजे ते प्रसिद्ध तिसरं वर्ष: ७ विजय. बोर्हेसला काढल्यावर २०१४ मध्ये नव्या को-ऑर्डिनेटरसह ५, आणि होकही गेला. ११, ८, ७, ५. जसजसे परके खेळाडू कमी झाले आणि आपले वाढले, तसतसा संघ ढासळला. 'तीन वर्षं द्या' म्हणणाऱ्यांनी हे चार आकडे एकदा कागदावर लिहून बघावेत.

२०१३ बद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण ती जखम अजून ओली आहे. डेनर्ड गेल्यामुळे बोर्हेसला अखेर मनासारखा खेळ करायचा होता: पुढच्या पाचांनी समोरच्याला रेटायचं आणि मधून धावायचं. त्या पाचांपैकी बाहेरचे दोघे, टेलर लेवन आणि मायकल स्कोफिल्ड, पुढे एनएफएलमध्ये गेले; लेवन तर ड्राफ्टमध्ये अकरावा. पण आतले तिघे कच्चे होते, आणि मधून धावायचं तर काम आतल्यांचं. पेन स्टेटविरुद्ध फिट्झजेरल्ड टूसाँने २७ वेळा चेंडू घेतला आणि त्याला मिळाले २७ यार्ड. सत्तावीस वेळा! एखाद्या पोराने तीच चूक पाच वेळा केली तर त्याला बाकावर बसवतात. इथे चूक वहीची होती आणि वहीला कोणी बाकावर बसवत नव्हतं. चार जादा सत्रांनंतर मॅच ४३-४० अशी गेली.

पुढच्याच आठवड्यात इंडियानाविरुद्ध डेव्हिन गार्डनरने ५०३ यार्ड पासिंग केलं, त्यातले ३६९ एकट्या जेरेमी गॅलनने पकडले, आणि मिशिगनने ६३ गुण केले. इंडियानाचा बचाव कमकुवत होता, कबूल. पण या संघात काय आहे ते त्या दिवशी उघड्यावर मांडलेलं होतं: एक चपळ, बुटका, अफाट रिसीव्हर आणि चुका करत का होईना, पण हिमतीने फेकणारा क्वार्टरबॅक. मध्ये एक सुट्टीचा आठवडा मिळाला. त्यानंतर मिशिगन स्टेटसमोर पुन्हा तेच. गार्डनरला सात वेळा पासच्या आधीच पाडलं. कॉलेजच्या हिशेबात ते यार्डही धावण्याच्या खात्यातून वजा होतात. त्या दिवशी मिशिगनची धाव: उणे ४८ यार्ड. त्या कॉलेजच्या इतिहासातला नीचांक. पुढच्या शनिवारी घरच्या मैदानावर, लाखाहून अधिक लोकांसमोर, नेब्रास्काविरुद्ध उणे २१.

उणे अठ्ठेचाळीस म्हणजे काय? सबंध दुपारभर प्रत्येक धावेला गुडघा टेकून बसले असते तरी इतकं मागे गेले नसते. इथे खेळाडू कमी पडले असं म्हणणाऱ्याला मी विचारेन, त्यांना असं काम कोणी दिलं?

हा रोग एका मिशिगनचा नाही. ऑबर्नने २००८ च्या हंगामासाठी टोनी फ्रँकलिन नावाचा स्प्रेडवाला को-ऑर्डिनेटर आणला. बाकीचा प्रशिक्षकवर्ग आणि खेळाडू जुन्या वळणाचे. त्या वर्षी ऑबर्नने मिसिसिपी स्टेटला ३-२ असं हरवलं (हा स्कोअर फुटबॉलचाच आहे) आणि सहा मॅचनंतर फ्रँकलिनला नारळ दिला. हंगाम ५-७ असा संपला, मुख्य कोचही गेला. पुढच्या वर्षी तिथे गस मॅल्झान आला. तोही स्प्रेडवालाच! पण २०१० मध्ये त्याच्याकडे कॅम न्यूटन हा बैलासारखा ताकदीचा क्वार्टरबॅक आला, तेव्हा त्याने स्प्रेडची रचना ठेवून तिच्यात सरळ ताकदीची धाव भरली. १४-० आणि राष्ट्रीय विजेतेपद.

एलएसयूचं २०१९ तर याहून बोलकं. जो बरो, जस्टिन जेफरसन, जमार चेस, क्लाइड एडवर्ड्स-हेलेअर ही मंडळी २०१८ मध्येही तिथेच होती. त्या वर्षी बरोचे टचडाउन पास १६. मग जो ब्रेडी नावाचा जेमतेम तिशीचा सहायक आला. जुना को-ऑर्डिनेटर स्टीव्ह एन्समिंगर आपल्या जागी राहिला, पासिंगची आखणी दोघांनी मिळून केली, आणि या पोरांना काय येतं तिथून सुरुवात केली. पाच-पाच रिसीव्हर पसरवून बरोला भराभर निर्णय घेऊ दिले. टचडाउन पास ६०, हंगाम १५-०. तीच माणसं, वही वेगळी.

इथे जाणकार मला पॉल जॉन्सनचं नाव ऐकवतील. २००८ मध्येच तो जॉर्जिया टेकला आला तो ट्रिपल ऑप्शन घेऊन, ज्याला लोक संग्रहालयातला खेळ म्हणत. एक पान न बदलता, दुसऱ्याचे खेळाडू घेऊन पहिल्याच वर्षी ९-४. मग माझ्या म्हणण्याचं काय? हे उदाहरण मी बराच काळ टाळत होतो. पण नीट बघा. त्याच्या वहीत मधल्या धावपटूची जागा सगळ्यात मोलाची, आणि त्याच्याकडे जोनाथन ड्वायर होता, १,३९५ यार्ड धावणारा. डिमेरियस टॉमस हा उंच रिसीव्हर धावण्याच्या ऑफेन्समध्ये वाया जाईल अशी सगळ्यांना खात्री होती. जॉन्सनने बचाव पुढे सरकला की त्याच्याकडे लांब पास टाकले, आणि २०१० च्या ड्राफ्टमध्ये तो पहिल्या फेरीत निवडला गेला. जॉन्सनने पंथ बदलला नाही, पण त्या पंथात कोणाला कुठे बसवायचं हे माणसं बघून ठरवलं. पंथ असायला माझी हरकत नाहीच. हरकत आहे ती समोरच्याला न बघण्याला.

यात बुडतो कोण, हे कोणी मोजत नाही. खेळाडूला पाच वर्षांत चार हंगाम मिळतात. कोचची तीन 'घडणीची' वर्षं म्हणजे त्या पोराची जवळजवळ सगळी कारकीर्द. कोचला काढलं तर करारातले लाखो डॉलर घेऊन तो दुसऱ्या गावी जातो आणि तिथे पुन्हा तीन वर्षं मागतो. २००८ मध्ये शेवटच्या वर्षाला असलेल्या मिशिगनच्या पोरांना तो हंगाम परत कोण देणार?

आता म्हणतात, प्रश्नच मिटला. २०१८ पासून ट्रान्सफर पोर्टल आहे, २०२१ पासून एक वर्ष न थांबता दुसरीकडे खेळता येतं. नवा को-ऑर्डिनेटर आपले खेळाडू एका हिवाळ्यात गोळा करतो. मला यात जुनाच माज नव्या सोयीसह दिसतो. पूर्वी वहीत न बसणारं पोर निदान संघात राहायचं आणि कोचला रोज त्याचं तोंड बघावं लागायचं. आता त्याला गोड बोलून पोर्टलचा रस्ता दाखवता येतो. खेळाडूला स्वतःहून जायचं स्वातंत्र्य मिळालं, ते योग्यच झालं, फार आधी मिळायला हवं होतं. पण ते कोचची घर साफ करायची केरसुणी व्हावं, यासाठी नव्हतं.

पुढचा को-ऑर्डिनेटर नेमला जाईल तेव्हा पत्रकार परिषद होईल, तो टेम्पोबद्दल, आक्रमकतेबद्दल, संस्कृतीबद्दल बोलेल आणि टाळ्या पडतील. तिथे बसलेल्या एखाद्या पत्रकाराने एवढंच विचारावं: आज तुमच्याकडे पुढच्या फळीत जे पाच जण आहेत त्यांची नावं सांगा, आणि त्यातल्या प्रत्येकाला सगळ्यात चांगलं काय येतं तेही.