सीनानं हात आपटला तेव्हा

14 डिसेंबर 2025, रविवार. सकाळी सातची मिस्सा चुकवून मी मोबाईल घेऊन बसले होते. वॉशिंग्टनमध्ये तेव्हा अजून 13 तारखेची रात्रच होती. मम्मीनं कारण विचारलं. म्हटलं, जॉन सीनाची शेवटची मॅच आहे, साडेनऊच्या मिस्सेला जाते. ती म्हणाली, "अजून खेळतोय होय तो?"

खेळत होता, 48 वर्षांचा होऊनही. 2002 मध्ये कर्ट अँगलसमोर पहिल्यांदा टीव्हीवर आला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता.

पुढचं तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. ऑस्ट्रियाच्या गुंथरनं स्लीपर लावला, म्हणजे मागून गळ्याभोवती हाताचा विळखा. सीना सुटला, पुन्हा सापडला, पुन्हा धडपडला. मग एका क्षणी त्यानं धडपडायचं थांबवलं. चेहऱ्यावर हसू आलं आणि त्यानं हात आपटला. टॅप. ज्याच्या टी-शर्टवर, टोपीवर, टॉवेलवर 'नेव्हर गिव्ह अप' छापून करोडोंचा माल खपला, त्या माणसानं 'सोडतो' म्हटलं. सगळं स्टेडियम खवळलं. सीएम पंक आणि कोडी रोड्स यांनी येऊन आपापले बेल्ट त्याच्या खांद्यावर ठेवले. त्यानं बूट आणि मनगटपट्ट्या रिंगमध्येच काढून ठेवल्या, सलाम केला आणि गेला.

मी डोळे पुसतेय तोवर पुण्याहून भावाचा फोन. "सीनानं टॅप केलं की गं! फसवलं आपल्याला."

माझं म्हणणं असं की नाही फसवलं. त्यासाठीच हा लेख.

आधी नेहमीचा आक्षेप बाजूला काढते. आमच्या शेजारचे अंकल जत्रेतल्या कुस्त्यांचे पक्के शौकीन. बेळगावात राहून लाल मातीचा अभिमान नसेल तर कसं चालेल! त्यांच्या मते डब्ल्यूडब्ल्यूई म्हणजे नुरा कुस्ती, सगळं ठरवून. बरोबर आहे, ठरवूनच असतं. पण दशावतारात संकासुर मरणार हे ठरलेलं असूनही लोक पहाटेपर्यंत बसतातच ना? मातीतला पैलवान चितपट होतो कारण समोरचा भारी पडला. सीना हरतो तेव्हा ते हरणं त्याला मान्य असतं. आणि आपल्यासारख्या साहित्याच्या विद्यार्थ्यांनी विचारायचा प्रश्न तोच आहे: त्यानं हेच का मान्य केलं?

जाणाऱ्यानं येणाऱ्याकडून हरून जायचं, हा या धंद्यातला जुना रिवाज. 2008 मध्ये रिक फ्लेअर शॉन मायकल्सकडून हरून गेला. 2010 मध्ये शॉन मायकल्स अंडरटेकरकडून. (दोघंही पुढं परत आले, ते सोडा.) त्यामुळं सीना हरला याचं भावालाही वाईट वाटलं नव्हतं. गुंथरनं त्याला पाठीवर पाडून एक-दोन-तीन केलं असतं, तर आम्ही दोघं गुपचूप रडलो असतो आणि विषय संपला असता. भाऊ दुखावला तो हात आपटण्यानं. हरलास तर हर, पण स्वतःहून सोडू नकोस.

लहानपणी टेन स्पोर्ट्ससमोर आम्ही हेच शिकलो. डब्ल्यूडब्ल्यूईच्या कार्डांचा जोड आमच्याकडं होता, त्यावर उंची, वजन, छाती, बायसेप. त्यातलं सीनाचं कार्ड भाऊ कायम डाव लबाडीनं खेळून स्वतःकडं ठेवायचा. माझ्या कंपासपेटीत आतल्या बाजूला ते तीन इंग्रजी शब्द लिहिलेले होते. दहावीत छान वाटायचे. बारावीनंतर नाही.

2022 मध्ये नीटमध्ये मार्क कमी पडले. एक ड्रॉप घेतला. 2023 मध्येही तेच. दुसरा ड्रॉप. घरात कुणी जबरदस्ती केली नव्हती. जबरदस्ती कंपासपेटीची होती. 8 सप्टेंबर 2023 ला सीना हैदराबादला आला, गचिबावलीच्या स्टेडियममध्ये सेथ रॉलिन्सबरोबर जोडीनं खेळला. त्या रात्री गुंथरसुद्धा तिथं होता. बेळगावहून रात्रीची बस होती, मैत्रीण तयार होती. मी गेले नाही, कारण रविवारी टेस्ट होती. 'नेव्हर गिव्ह अप' म्हणणाऱ्या माणसाला बघायला मी गेले नाही, कारण मी गिव्ह अप करत नव्हते! त्या टेस्टमध्ये मला किती पडले तेही आज आठवत नाही.

2024 च्या मे महिन्यात तिसरा पेपर देऊन आले आणि निकालाची वाट न बघता पप्पांना सांगितलं, मला मराठी घ्यायचंय. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "हे दोन वर्षांपूर्वी का नाही बोललीस?" त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. सोडणं म्हणजे पळून जाणं, एवढंच मला माहीत होतं.

सीनाचं ते वाक्य खोटं आहे असं मी म्हणत नाही. आजारी मुलांच्या इच्छा पूर्ण करणाऱ्या मेक-अ-विश या संस्थेतर्फे तो 650 हून जास्त मुलांना भेटलाय, 2022 मध्ये त्याचा गिनीज विक्रम झाला. दवाखान्यातून आलेल्या पोराला तो ते वाक्य सांगतो तेव्हा ते शंभर टक्के खरं असतं, कारण ती लढाई त्या पोरानं निवडलेली नसते. माझी नीट मी निवडलेली होती. सीनाची रिंगही त्यानं निवडलेली होती. दोन्हीकडं एकच वाक्य लावायचं, ही चूक टी-शर्ट विकत घेणाऱ्या आमच्यासारख्यांची.

त्याचं शेवटचं वर्ष सगळंच चांगलं होतं असंही नाही. मार्चमध्ये टोरांटोत कोडी रोड्सला लाथ घालून तो एकदम खलनायक झाला, तेव्हा मी ओरडलेच. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते झालं! पण पुढची गोष्ट कुणी नीट लिहिलीच नाही. एप्रिलमध्ये लास व्हेगासला सतरावं विजेतेपद मिळवून त्यानं फ्लेअरचा विक्रम मोडला, ती मॅचसुद्धा कंटाळवाणी होती. ऑगस्टपर्यंत तो पुन्हा गुणी बाळ. वर्षातल्या या सगळ्या लेखनात धाडसाचं पान मला एकच दिसलं, ते डिसेंबरचं. आपल्याच घोषणेच्या विरुद्ध वागायचं, तेही हसत, आणि समोरचे हजारो लोक चिडलेले असताना. बदामी चेहऱ्याच्या त्या नटाला मी आयुष्यात पहिल्यांदा मोठा नट म्हटलं.

भावाला हे सगळं फोनवर सांगितलं. त्याला पटलं नाही. तो तीन वर्षं एकाच नोकरीत वैतागून बसलाय, ते मी मध्ये आणलं नाही. संध्याकाळी त्याचा मेसेज आला: "सीनाचं कार्ड तुझ्याकडं राहिलंय काय गं? पाठव ना पुण्याला."

शोधलं. जुन्या कंपासपेटीतच होतं, कोपरा दुमडलेला. त्याला लिहिलं, आहे, पण डाव खेळून जिंकून ने.