बिसाऊच्या धक्क्यावरील काजू

काजूच्या खरेदीच्या निमित्ताने गिनी-बिसाऊ या पश्चिम आफ्रिकेतील लहानशा देशाच्या राजधानीत काही दिवस राहण्याचा योग आला. आमच्या व्यापाऱ्यांच्या वहीत जे शहर केवळ बीच्या उताऱ्याने, म्हणजे ८० किलोंच्या पोत्यामागे किती पौंड गर पडतो या आकड्याने, ओळखले जाते, ते प्रत्यक्ष पाहिल्यावर त्याविषयी, आणि त्याहून अधिक आपल्या स्वतःच्या व्यापारनीतीविषयी, चार शब्द जाहीरपणे लिहिणे मला कर्तव्य वाटते.

गेबा नदीच्या विस्तीर्ण मुखावर वसलेले बिसाऊ १९४१ साली, बोलामा मागे पडून, पोर्तुगीज अंमलाचे मुख्य ठाणे झाले. बंदरालगतच्या जुन्या वस्तीतील सज्जांची, कौलारू घरे आणि रंग उडालेल्या भिंती पाहून मराठी माणसास जुन्या पणजीची आठवण व्हावी; रस्त्याकडेला आंब्याची झाडे, त्यांच्या सावलीतून धावणाऱ्या निळ्या-पिवळ्या तोका-तोका गाड्या, आणि बांदीमच्या बाजारात सुकी मासळी व पामतेल यांचा संमिश्र दर्प. परंतु गोव्याशी या भूमीचे नाते याहून खोल आहे. अंगोला, मोझांबिक आणि विशेषतः येथील स्वातंत्र्ययुद्धाने थकलेल्या पोर्तुगीज सैन्याधिकाऱ्यांनी २५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमधील हुकूमशाही उलथून टाकली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात नव्या राजवटीने गिनी-बिसाऊचे स्वातंत्र्य मान्य केले, आणि १९६१ सालीच मुक्त झालेल्या गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व त्या वर्षाच्या अखेरच्या दिवशी तहाने स्वीकारले. लिस्बनचा तो कागदी हक्क पुसला जाण्यात या लोकांच्या रक्ताचाही वाटा होता, हे आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते.

बंदराजवळ काळ्या मुठीचे एक भव्य शिल्प उभे आहे. ३ ऑगस्ट १९५९ रोजी पिजिगिती धक्क्यावरील गोदी कामगारांनी वेतनवाढीसाठी संप केला असता त्यांच्यावर गोळीबार झाला, सुमारे ५० माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यानंतर अमिल्कार काब्राल व त्यांच्या सहकाऱ्यांनी सशस्त्र लढ्याचा निश्चय केला. काब्राल हे व्यवसायाने कृषितज्ज्ञ. १९५३ साली या देशाची शेतीगणना त्यांनीच केली, आणि भुईमुगाच्या एकपिकी लागवडीने जमिनीची व शेतकऱ्याची कशी हानी होते हे त्यांनी त्या काळी दाखवून दिले. २० जानेवारी १९७३ रोजी कोनाक्री येथे त्यांची हत्या झाली; आज ते अमुरा किल्ल्यात, लष्कराच्या ताब्यातील तटांच्या आत, चिरविश्रांती घेत आहेत. ज्याने एकपिकाचा धोका ओळखला, त्याचाच देश आज एका काजूवर विसंबून आहे. निर्यातीचे बहुतेक उत्पन्न या एका बीचे, आणि ती बी जवळजवळ सगळी कच्ची, टरफलासकट, भारत व व्हिएतनामकडे रवाना होते. बोंडाची दारू गावातच मुरते, बी मात्र गावात फुटत नाही. हंगामात भाव कोसळला की खेड्यातील कुटुंब बी देऊन तांदूळ घेते, आणि त्या अदलाबदलीचा दर ठरवणे त्याच्या हाती नसते. १९८०, २००३ आणि २०१२ या वर्षी ज्या देशात लष्कराने सत्ता हिसकावली, तेथे कारखान्यासाठी भांडवल गुंतवण्यास सावकार धजत नाही, हेही खरे.

पण आपण कोठे उभे आहोत? चार-पाच किलो बीतून एक किलो गर निघतो. अर्थात उरलेल्या टरफलाचे भाडे भरून आपण ती समुद्रापार आणतो, आणि फोडणे, सोलणे, प्रतवारी करणे या कामांचे वेतन व मोल आपल्या किनाऱ्यावर राहते. आपला कापूस लँकेशायरला जातो आणि कापड होऊन परत येतो, म्हणून दादाभाई नवरोजींनी व न्यायमूर्ती रानड्यांनी जो आक्षेप घेतला, तो आपण शाळेत अभिमानाने शिकलो. तोच आक्षेप बिसाऊच्या शेतकऱ्याने आपल्यावर घेतला, तर त्यास उत्तर काय द्यावे, हे मला सापडत नाही.

यावर एक रास्त हरकत आहे, आणि ती मी हलकी मानत नाही. सिंधुदुर्गातील कारखान्यांत ज्या बायका हातांना चीक लागू नये म्हणून राख लावून बी फोडतात, त्यांची चूल आयात बीवर अवलंबून आहे. ती बी थांबली तर त्यांनी जावे कोठे? परंतु त्यांच्या कामाची हमी दुसऱ्याच्या दैन्यावर का बांधावी? वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ यांसारखी उत्तम वाणे कधीच दिली आहेत. कोकणातील पडीक कातळ व जुन्या बागा त्यांच्या कलमांनी भरणे आपल्याच हाती आहे.

तेव्हा कोकणातील कारखानदारांस माझी विनंती अशी की, बिसाऊतून पुढील हंगामाचा करार करताना निदान काही भाग तेथेच फोडण्याची तजवीज त्यांनी करावी, यंत्रे व शिकवणारी माणसे येथून न्यावीत, आणि सरकारने अशा उद्योगास स्वस्त कर्ज द्यावे.