कांद्याला काय घालणार?

“मॅडम, आवाज येतोय,” एवढं लिहून माझा एस.वाय.चा अर्थशास्त्राचा वर्ग गप्प व्हायचा. 2020 चा ऑगस्ट, करोनामुळे तास ऑनलाइन. पटावर 84, पडद्यावर 61 नावं, चेहरा एकही नाही. मी चिडून कॅमेऱ्याची सक्ती केली, तर दुसऱ्या दिवशी 19 जण उरले. दिवसाला दीड जीबी डेटा, घरात मिळून एकच फोन, पाठीमागे पत्र्याची भिंत. कोण लावेल कॅमेरा? त्या सक्तीची मला आजही लाज वाटते.

मागणीची लवचिकता शिकवताना एकदा पुस्तकातल्या उदाहरणाचा मलाच कंटाळा आला. सहज विचारलं, “आज तुमच्याकडं टोमॅटो काय भाव?” चॅटमध्ये आकडे पडायला लागले. चाळीस, पन्नास, एकाचे पंचावन्न. मग कधीही न बोललेल्या एका मुलाचा माइक सुरू झाला. मागून कुणीतरी “पाव किलो द्या, कोथिंबीर फुकट टाका” म्हणत होतं. पोरगा वडिलांच्या भाजीच्या गाडीवर उभा राहून, एका कानात इअरफोन घालून रोज तास ऐकत होता. म्हणाला, “टोमॅटो महागला की बायका आमटीत चिंच घालतात. कांद्याला काय घालणार? तो घ्यावाच लागतो.”

पर्यायी वस्तू असली की मागणी लवचिक, नसली की ताठर. मी दोन तासांत सांगितलं असतं ते त्यानं गिऱ्हाईक सांभाळत सांगितलं. हजेरीपटावर मात्र तो माझ्या लेखी ‘प्रतिसाद नाही’ होता.

तेव्हापासून मी सलग दहा मिनिटांच्या वर बोलत नाही. प्रश्न आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर जातो, आणि उत्तर घराच्या आसपास शोधावं लागतं: किराणावाल्याची उधारी, दूध संघाचा दर, बचत गटाचं व्याज. तासाला नेट पुरत नसेल त्यानं नंतर व्हॉइस नोट पाठवावी. चारचार जणांच्या गटातून रोज वेगळा जण बोलतो. (पहिले दोन आठवडे सगळे एकमेकांकडे ढकलतात. ढकलू द्यावं.)

विद्यापीठ अनुदान आयोगानं 2021 मध्ये एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन मंचावरून शिकायची मुभा दिली. व्हिडिओ चांगले असतात, पण टोमॅटोचा भाव विचारत नाहीत. आमच्याकडे तर रेकॉर्डिंग चढवलं की तास झाला, असाच हिशेब अनेकांनी लावलाय.

माझा शनिवारचा तास आजही ऑनलाइन असतो. विद्यापीठाकडे मागणं एकच, अशा तासाला पट तीसच्या वर नको. 84 उत्तरं एका तासात माझ्यानं वाचून होत नाहीत.